पाच फुटांवरच्या वन्सं

पोरांनो, मागच्या रविवारी व्हिडिओवर थोरलीने आपला नवा कॅमेरा दाखवला आणि विचारलं, "आजी, बाबा म्हणतात त्यांच्या जुन्या लेन्सवर एक खिडकी आहे आणि तिच्यात आकडे आहेत. माझ्या लेन्सवर तर काहीच नाही. ते कशासाठी असतात?" मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणून विषय टाळला. त्या दिवशी मी दमले होते. हल्ली बहुतेक दिवस दमलेलीच असते. पण हे उत्तर फार लांबवून चालणार नाही. माझा डावा डोळा आधीपासूनच अधू आहे, आणि अडीच-तीन वर्षांपासून उजव्याच्या बरोबर मध्यभागी एक राखाडी डाग आहे. डॉक्टर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन देतात. डाग जायचा नाही, वाढू नये एवढंच बघायचं, असं ते म्हणतात. त्या खिडकीतले आकडे आज मला भिंग लावून वाचता येतात. म्हणून आज लिहिते आहे.

मी सगळी नोकरी मुलुंडच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हाला वाचणंही. पण या हकिगतीत घाटकोपरची आजी बोलणार आहे, आणि ती इंग्रजीत कधी बोललीच नाही. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या.

आधी लेन्स. तुमचे बाबा तिकडे गेले तेव्हा त्यांचा कॅमेरा आणि दोन लेन्स माझ्या कपाटात राहिल्या. दोन्ही ऑटोफोकसच्या, म्हणजे बटण अर्धं दाबलं की आपलं आपण अंतर जुळवणाऱ्या. त्यातली नवी लेन्स हलकी आहे. तिची कडी हाताने फिरवली तर फिरतच राहते. तिला सुरुवात नाही, शेवट नाही, आकडा नाही. आत मोटर आहे आणि कडी फक्त त्या मोटरला निरोप देते. कॅमेरा बंद असेल तर निरोप घेणारं कोणी नसतं. थोरलीची लेन्स याच जातीची दिसते.

दुसरी लेन्स जुनी आणि जड. तिच्या पाठीवर अंगठ्याच्या नखाएवढी काचेची खिडकी आहे. आत वरच्या ओळीत फूट, खालच्या ओळीत मीटर. कडी फिरवली की आकडे सरकतात आणि मधल्या रेघेसमोर जो आकडा येईल तेवढ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट येते. शेवटी आडवा आठ असतो, म्हणजे अनंत. त्याच्या पुढेही कडी थोडी फिरते. अनंताच्या पुढे काय असतं असं धाकटा लगेच विचारील, म्हणून सांगते: काही नसतं. मोटर धावत येते, तिला थांबायला जागा हवी, आणि उन्हाने लेन्स तापली की सगळंच जरासं सरकतं. तेवढ्यासाठी ती मोकळी जागा.

हे आकडे फार बारीक नसतात, हेही खरं सांगायला हवं. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी रीळवाल्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे. त्याच्या लेन्सवर तीन फुटांपासून दहा फुटांपर्यंत जायला मनगट चांगलं वळवावं लागे. ऑटोफोकसच्या मोटरला घाई असते, म्हणून तेच अंतर बोटभर जागेत कोंबलेलं असतं. पाच आणि सात या आकड्यांच्या मध्ये जेमतेम तांदळाचा दाणा मावेल.

आता घाटकोपरची आजी. त्या तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायचे. त्या मला मास्तरीण म्हणायच्या, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा वन्संनी शिवणयंत्र खिडकीजवळ ओढलं आणि ब्लाउज शिवायला घेतले. पुढची तीस वर्षं गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्या मापाचे ब्लाउज घालत होत्या. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, लिफ्ट नाही.

भाऊजी गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही एकट्याचा फोटो सापडला नाही. कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि मोठं केलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात त्यांच्या खांद्यावर होता. माणूस कापला गेला, हाताची चार बोटं राहिली. ती कोणाची, हे कोणालाही सांगता आलं नाही. वन्संनी तो फोटो मशीनच्या वर, बसल्याबसल्या दिसेल इतका खाली लावला. हार सुकला की नवा यायचा, बोटं तशीच.

दोन वर्षांपूर्वी गणपती होऊन गेल्यावर त्यांचा फोन आला.

"मास्तरणी, तुझ्याकडे तो कॅमेरो आसा काय गो अजून?"

"आहे. का हो?"

"माझो फोटो काढूचो आसा. भिंतीवरचो."

"असं काय बोलता, वन्सं."

"बोलाक काय झाला? ह्यांच्या खांद्यार कोणाचो हात आसा, ता मी बावीस वर्षां बघतंय. माझ्या खांद्यार कोणाचो हात नको. मी एकटी होयी फोटोत."

मग त्यांनी कारण सांगितलं. पोटात गाठ निघाली होती. सोळा दिवसांनी ऑपरेशन होतं. वय सत्त्याऐंशी. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते त्यांनी दाराआडून ऐकलं होतं.

मी ट्रायपॉड, कॅमेरा आणि दोन्ही लेन्स पिशवीत भरल्या आणि मुलुंडहून रिक्षाने गेले. दोन जिने चढताना प्रत्येक वळणावर थांबले. दार भाच्याने उघडलं. वन्संचा हा एकुलता मुलगा साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर काम करतो. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

"मामी, एवढं काय ओझं आणलंस? मोबाईलवर झकास येतो. हा बघ, मी काढला पण." त्याने फोन माझ्यापुढे धरला.

फोनमधल्या वन्संच्या गालावर एकही सुरकुती नव्हती. मागची भिंत धुक्यात गेली होती आणि तिच्याबरोबर चष्म्याची एक काडी आणि अर्धा कानही.

"बघितलंस?" वन्सं खुर्चीतून म्हणाल्या. "ह्या फोटोत मी पावडर लावून मेलंय."

"आई, यार, काहीही बोलते तू," भाचा म्हणाला आणि फोन खिशात टाकून चहा ठेवायला गेला.

वन्संना मशीनजवळच बसायचं होतं. खोलीत उजेड म्हणावा असा तिथेच होता. फ्लॅश चालणार नव्हता, कारण त्यांच्या जाड चष्म्यात तो पांढरा होऊन परत यायचा, आणि चष्मा त्या काढणार नव्हत्या. जास्त वेळ उजेड घेत हळू फोटो काढणंही शक्य नव्हतं. गेली दोन वर्षं त्यांची मान सारखी हलायची, कोणाला तरी नाही-नाही म्हणत असल्यासारखी. तेव्हा लेन्स पूर्ण उघडी ठेवून, म्हणजे जास्तीत जास्त उजेड आत घेऊन, झटकन काढणं एवढाच मार्ग होता. पूर्ण उघड्या लेन्सला मागे-पुढे फार झेपत नाही. दोन बोटं रुंदीची एक पट्टी स्पष्ट येते, तिच्या पुढचं-मागचं धूसर.

मी आधी नवी लेन्स लावली आणि पडद्यावर बघत बटण अर्धं दाबलं. कॅमेरा माणसाचा चेहरा शोधतो आणि त्याच्याभोवती पांढरी चौकट आखतो. चौकट वन्संवर क्षणभर आली, त्यांची मान हलली, आणि ती उडी मारून त्यांच्या खांद्यामागे भाऊजींवर जाऊन बसली. भाऊजी समोर बघत होते, हलत नव्हते, चष्म्यात उजेड चमकत नव्हता. कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्या खोलीत फोटोला नीट बसलेला माणूस तेवढा एकच होता. मी पुन्हा दाबलं. पुन्हा भाऊजी. जुनी लेन्स लावली तरी तेच. पंचवीसेक फोटो काढले. भाऊजींच्या हारातली फुलं मोजता यावीत आणि पुढे वन्सं पाण्यात बुडालेल्या.

"फोटो जरा उतरवू या का? पाच मिनिटं?" मी विचारलं.

"तेंका उतरवचा नाय. एकदा चढलेलो फोटो उतरवत नाय."

"मग वर टॉवेल टाकू."

"तेंचा तोंड झाकूचा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टॉवेल परत दांडीवर टाकला.

"आई, अगं मशीनला फोकस करता येत नाहीये, मामी काय करणार?" भाचा कप ठेवत म्हणाला.

"मशीनाक कित्याक? मास्तरणीक हात नाय काय?"

हात होते. डोळे नव्हते. हाताने फोकस करायचा तर काचेतून बघून केव्हा स्पष्ट झालं ते कळावं लागतं, आणि मला तर त्यांच्या दोन भुवया एकत्र दिसत नव्हत्या. मी त्यांना हे सांगितलं नाही. उजेड गेला, मंगळवारी येते, एवढंच म्हटलं.

घरी येऊन मी कॅमेऱ्याची पुस्तिका काढली. सगळ्या वस्तूंच्या पुस्तिका मी एका फाइलमध्ये ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही त्याला हसता. जुन्या लेन्सच्या बाजूला एक लहान खटका असतो, तो खाली केला की मोटर सुटते आणि कडी हाताच्या ताब्यात येते. मग मला बघून फोकस करायची गरज नव्हती. अंतर मोजायचं, खिडकीत तो आकडा लावायचा. रीळवाल्या कॅमेऱ्यावर संमेलनाच्या अंधारात मी हेच करायचे. आपण विसरलो कसं, याचंच मला वाईट वाटलं.

मंगळवारी पुन्हा दोन जिने. मोजायला टेप हवी म्हटल्यावर वन्संनी मशीनच्या खणातून आपली शिवणकामाची टेप काढली. साठ इंचांची, म्हणजे बरोबर पाच फूट, आणि खिडकीत पाचाचा आकडा होता. पहिल्यांदाच काहीतरी आपणहून जुळलं होतं. टेपेचं एक टोक वन्संनी चष्म्याच्या कडेला धरलं, दुसरं मी लेन्सच्या काचेला लावलं. टेप ताठ झाली तेव्हा ट्रायपॉडचे पाय रोवले. खटका खाली केला. पाच रेघेसमोर.

"सोडा टेप."

त्यांनी सोडली, मी बटण दाबलं. चौकट नाही, मोटरची घरघर नाही, भाऊजी आपल्या जागी धूसर. असे तीस फोटो काढले. छोट्या पडद्यावर सगळे चांगले दिसले. वन्संनी मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली आणि माझा ब्लाउज खांद्यावर ढगळ झाला आहे असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या पडद्यावर बघितले. तीसच्या तीस चुकले होते. टेप सोडतानाची त्यांची बोटं, नखांतला सुईने टोचून काळा पडलेला ठिपका, सगळं स्वच्छ. चेहरा नाही. मी पुस्तिका पुन्हा उघडली, भिंग लावून ओळ न ओळ वाचली, आणि जे मी चाळीस वर्षांपूर्वी वार्षिक अंकाच्या मुलींना शाळेत शिकवायचे ते तिथे छापलेलं होतं. अंतर लेन्सच्या काचेपासून मोजायचं नसतं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक लहान वर्तुळ असतं आणि त्याला छेदून जाणारी आडवी रेघ. पूर्वी तिच्याखाली फिल्म असायची, आता सेन्सर असतो. मोजायचं त्या रेघेपासून. मी वीतभर पुढून मोजलं होतं, आणि वीतभर पुढचंच स्पष्ट आलं होतं.

चूक माझी होती आणि ती थकव्याची होती. मला माहीत नसतं तर एवढं लागलं नसतं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी त्यांना दाखल करणार होते. मधल्या दिवसांत तपासण्यांसाठी त्यांना एकसारखं नेत-आणत होते, तेव्हा उरली बुधवारची सकाळ. मी आठ वाजता पोचले. वन्सं न्हाऊन, हिरवी इरकल नेसून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पंधरा दिवसांत लहान झाला होता. मी चूक सांगितली.

"म्हणजे माप चुकला तुझा," त्या म्हणाल्या. त्यांना गंमत वाटली. "माप घेवक शिकवूक होया होता तुका. कितीदा सांगलंय, ये, बस माझ्या मशीनार. इंग्लिश शिकवूक गेलस."

या वेळी टेप माथ्यावरच्या रेघेपासून धरली. पाच फूट. पण आता दुसरीच अडचण आली. पंधरा दिवसांच्या धावपळीने त्यांची मान जास्तच हलत होती. टेप चष्म्याला लावलेली असताना ती इंच-दीड इंच पुढे-मागे व्हायची, आणि माझी स्पष्ट पट्टी होती दोनच बोटांची. मी आठ-दहा फोटो काढले आणि थांबले. 

"वन्सं, जरा श्वास धरून ठेवता का?"

"श्वास धरूक नको." त्यांनी टेप मांडीवर घेतली. "बाई माप देवक इली काय श्वास धरता, पोट आत घेता. ता माप खोटा. मी तिका सांगतंय, सोड. सगळा सोड. सोडल्यावर जो काय माणूस रवता, तेचा माप घेवचा." त्यांनी टेपेचं टोक पुन्हा चष्म्याला लावलं. "मी सोडतंय. तू बघ."

त्यांनी श्वास सोडला. खांदे उतरले. सुटलेल्या श्वासाच्या शेवटी, पुढचा श्वास घेण्याआधी, त्यांची मान थांबली. अर्धा सेकंद असेल. टेप ढिली पडली नाही की ताणली गेली नाही. आम्ही दोघींनी ते एकदमच बघितलं.

"असा," त्या म्हणाल्या.

मग आम्ही तसंच केलं. त्या सोडायच्या, टेप खाली टाकायच्या, मी दाबायचे. मधून भाच्याने दारातून विचारलं, "मामी, झालं ना? डबा भरायचाय हॉस्पिटलचा." वन्सं त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "गप रव मेल्या, माप चल्ला हा." असे नऊ फोटो झाले. दहाव्याला त्या दमल्या.

मी भाच्याच्या लॅपटॉपवर तिथेच ते मोठे करून बघितले. आठ चुकले होते, कमी-जास्त. एक बरोबर होता. दोन्ही डोळे, चष्म्याच्या काचेमागची एकेक पापणी, ओठांच्या कडेच्या रेघा. तोंड किंचित उघडं, श्वास नुकताच सोडलेलं. मागे भाऊजी होते, पण कोण आहे हे ज्याला माहीत त्यालाच कळेल इतके. खांद्यावरची बोटं दिसत नव्हती.

भाच्याने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून प्रिंट काढून आणली. ती वन्संच्या मांडीवर ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं.

"हां. ही मी." मग मागच्या धूसर डागावर बोट ठेवलं. "जल्मभर हेच पुढे होते. आता बसूंदेत मागे."

त्या संध्याकाळी त्या दाखल झाल्या. ऑपरेशनमधून निभावल्या, घरी आल्या, आणि होळीपर्यंत होत्या. शेवटचे दोन महिने मशीनला हात लावता आला नाही. बसून गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजना नावं ठेवायच्या, कोणी शिवलेत म्हणून. मी आठवड्यातून एकदा जायचे. तो फोटो कपाटात होता, त्याचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

त्या गेल्यावर तेराव्याच्या आधी भाच्याने फोन केला. दुकानदार म्हणत होता, मागची भिंत काढून निळं करतो, मागचा माणूस पुसतो, तोंड मिटवतो, सुरकुत्या थोड्या कमी करतो. "सगळे असंच करतात, मामी. आपण काय सांगायचं?"

"काही करायचं नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "आहे तसा मोठा कर."

"तोंड उघडं दिसतंय तिचं."

"दिसू दे. वन्संनी सोडलेलं आहे."

तो मग म्हणाला, "बरं."

तेराव्याला बायका आल्या, जेवल्या, आणि जाताना एकेक करून फोटोसमोर थांबल्या. एकीने मला विचारलं, हा मोबाईलवर काढला का. मी नाही म्हटलं. 

तेव्हा थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तुझ्या लेन्सवर आकडे नाहीत म्हणून तुझं काही अडणार नाही. तुझे डोळे चांगले आहेत आणि तुमचे कॅमेरे आता हलणारा माणूसही ओळखतात म्हणे. तरी कधी मोजायची वेळ आलीच, तर माथ्यावरच्या रेघेपासून मोज.

मी त्यानंतर कोणाचा फोटो काढलेला नाही. आणखी काढीन असं वाटत नाही.

वन्संचा तो एक फोटो आहे. घाटकोपरला भिंतीवर भाऊजींच्या शेजारी लावलेला आहे, एक प्रत माझ्या कपाटात आहे, आणि एक या पत्रासोबत तुम्हाला पाठवते आहे. फोटोत त्या एकट्याच स्पष्ट आहेत.